गॅसला पूल लागत नाही

चंद्रपूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय मंगली,

"बाई बोलते त्याचा नुसता आवाज येते, तू बोलते ते समजते," असं तू मला आठवीत असताना म्हणाली होतीस. तू वसतिगृहात नवीन होतीस. घरी गोंडी, वर्गात पुस्तकातली मराठी, आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या नळाजवळ बसून मी तोच धडा तुला पुन्हा सांगायची. तुझं ते वाक्य मी आयुष्यभर मिरवलं. या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितलं. कुलदीप सर खूश झाले. "बस, हमें यही चाहिए," म्हणाले. तुझं वाक्य माझ्या कामी आलं ते असं.

तू माझा नंबर बंद केलास म्हणून हे पत्र, धानोऱ्याच्या वनोपज केंद्राच्या पत्त्यावर. बाजाराच्या दिवशी तू तिथे बसतेस एवढं मला माहीत आहे. परवा मी तुझ्या लेकीला, करिश्माला फोन लावला. तिने उचलला, म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

"मावशी, बाबाचा पाय मोडला," ती म्हणाली. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि नाला भरलेला. दसरूभाऊंनी तिला ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवलं आणि स्वतः पोहत ट्यूब ढकलत निघाले. वाहून आलेलं लाकूड त्यांच्या पायावर बसलं. दोघं कसेबसे गावाच्याच काठाला परत लागले. पाणी उतरेपर्यंत दसरूभाऊ खाटेवर आणि करिश्मा त्यांच्या उशाशी. प्रवेश गेला.

"पन दरवर्षी तर तुमी तेंदूपानाचं काम झाल्यावर बांबूचा पूल बांधता ना?" मी विचारलं.

"औंदा नाई बांधला. पोचू आजा म्हने, काऊन बांधाचा? कंपनीचा पूल येऊन राह्यला."

फोन कधी कटला ते मला कळलं नाही.

मंगली, फेब्रुवारीतल्या ग्रामसभेत मी पूल देते असं म्हटलं नव्हतं. तू होतीस तिथे. आठव. नागपूरकडून गॅसची पाइपलाइन येणार, तुमच्या कोसमटोल्याच्या रानाच्या कडेने जाणार, आणि पुढे लोखंडाच्या कारखान्यात कोळशाऐवजी गॅस जळणार. त्याला ग्रामसभेची संमती हवी. कंपनीच्या वतीने हे गावाला समजावणं माझं काम. मी मराठीत सांगायचं, तू गोंडीत.

आधी मी पडद्यावर "ऊर्जा संक्रमण" असे शब्द दाखवले. दिल्लीहून आलेल्या इंग्रजीचं मराठी मीच केलं होतं. जग कोळसा सोडून ऊन-वाऱ्याच्या विजेकडे निघालं आहे, त्या निघण्याला हा शब्द. पोचू आजा पुढेच बसले होते. ते त्यांच्या मराठीत म्हणाले, "संक्रमन? आता कोनता रोग आला व बाई? पुन्हा तोंडाले फडकं बांधा लागते का?" सगळा मांडव हसला. तू हसलीस, मीही हसले.

हसले, पण आतून घाबरले. शब्द हातातून निसटला की मला पुढचं सुचत नाही. मग मी सोपा शब्द घेतला. म्हटलं, कोळसा म्हणजे इकडचा काठ, ऊन-वारा म्हणजे तिकडचा काठ. एकदम उडी मारता येत नाही. मध्ये गॅस आहे. गॅस म्हणजे पूल. कंपनीच्या कागदातसुद्धा तेच आहे, ब्रिज फ्युएल. मी पदरचं काही बोलले नाही.

तू ते गोंडीत सांगितलंस. मला गोंडी येत नाही, पण तुझ्या बोलण्याच्या मधोमध "पूल" हा शब्द मराठीच राहिला होता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या. मग हात वर झाले, आधी थोडे आणि मग एकदम सगळे. मला वाटलं, आज आपण छान समजावलं.

त्यांनी काय ऐकलं ते मला त्या दिवशी कळलंच नाही. एवढंच सांगायला हे पत्र.

दसरूभाऊंना जप. काही लागलं तर मला, असं लिहायला घेतलं होतं. वाक्य पुरं करायची हिंमत झाली नाही.

तुझी
नाहीद


चंद्रपूर, १९ ऑगस्ट २०२५

मंगली,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच होते, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खरं नाही. "त्या दिवशी कळलंच नाही" हे. सभा उठल्यावर पोचू आजा माझ्यासोबत गाडीपर्यंत आले होते. काठीने नाल्याकडे दाखवून म्हणाले, "जरा उंच बांधजा बाई. मोठं पानी त्या मोहापर्यंत येते." मी म्हटलं, "सांगतो साहेबाले." तेव्हा कळलं. गाडीत बसल्यावर कुलदीप सरांनी विचारलं, "बुड्ढा क्या बोल रहा था?" मी म्हटलं, "खुश हैं."

उद्या मंगलीला फोन करून सांगू, असं म्हणत मी चंद्रपूरपर्यंत आले. मग रमजान लागला. मग मोहाचे दिवस, तू रानात असशील म्हणून राहिलं. मग तेंदूचे दिवस. तेवढ्यात मृग लागला आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. विसरले नव्हते. विसरण्यासारखं वागत होते.

तुला वाटत असेल, नाहीद कंपनीची झाली. काही अंशी तसं आहेही. पण अब्बांना तू ओळखतेस. तुमच्या वसतिगृहाचे स्टोव्ह त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे तेव्हा तू सोबत यायचीस, आणि ते तुला पिन देऊन नोझल साफ करायला बसवायचे. त्यांनी आधी शेगड्या डागल्या, मग रॉकेलचे स्टोव्ह, मग सिलिंडरचे बर्नर. प्रत्येक नवी आग आली की जुनी हत्यारं पेटीच्या तळाशी टाकून नवी दुरुस्ती शिकले. आता दुकान बंद आहे. जिना चढताना मध्ये बसावं लागतं त्यांना. डॉक्टर एका कशाचं नाव घेत नाहीत. बिडी म्हणतात, वय म्हणतात, या शहराची हवा म्हणतात. माझ्या भावाला, सैफला कोळशाच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम लागलं तेव्हापासून आम्ही ऊर्जानगरच्या बाजूला राहतो. गच्चीवर पांढरी ओढणी वाळत घातली तर राख बसायच्या आत मी ती दुपारीच काढून आणते.

म्हणून दिल्लीच्या कागदात वाचलं की गॅस जळताना कोळशाच्या जवळपास निम्माच कर्बवायू सोडतो आणि राख तर उरतच नाही, तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला. नोकरीसाठी ठेवला असं नाही, खरंच ठेवला. अजूनही बराचसा आहे. पुढे दुसरेही कागद वाचनात आले. न जळता नुसता गळलेला गॅस हवेला फार जास्त तापवतो म्हणे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. युरोपात युद्ध पेटलं तेव्हा श्रीमंत देशांनी जहाजंच्या जहाजं गॅस उचलला, आणि ज्यांना तो भाव परवडेना त्यांतले काही पुन्हा कोळशाकडे वळले. हे मी कोणत्याच गावात सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून. हे कारण मीच मला दिलेलं आहे.

सैफ जेवताना टोमणा मारतो, "आपा, कल हमारे यहाँ भी गैस आयी तो मेरी नौकरी गयी, नहीं आयी तो अब्बा का दम. तू बोलती किसकी तरफ से है?" अब्बा म्हणतात, "पहले रोटी दे उसको, फिर बोलेगी."

आता चांगली बातमी. सोमवारी मी कुलदीप सरांना सगळं सांगितलं, गाव पुलाची वाट बघतंय हे. ते चिडले नाहीत. हसले. "अरे, तो बना देते हैं ना एक पुल! गांव के विकास के फंड में डाल देंगे." पाइपच्या मार्गाला शेवटची संमती घ्यायची ग्रामसभा ऑक्टोबरात आहे. तोवर गावात काही बोलू नका म्हणाले.

मंगली, पूल खरंच येईल. मग कोणी खोटं बोललं असं उरणारच नाही, तूही नाही आणि मीही नाही. मी पुढच्या बाजाराला धानोऱ्याला येते. तोंडाने सांगते.

नाहीद


चंद्रपूर, ८ सप्टेंबर २०२५

मंगली,

तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते.

मी आले तेव्हा तू मोहाच्या बियांची पोती मोजून घेत होतीस. मला बघितलंस आणि पुन्हा काट्याकडे वळलीस. तेवढ्यात तो दुसऱ्या गावचा माणूस पोतं टेकवत सोबत्याला म्हणाला, "हे पाह्य, कोसमटोल्याची पूलवाली." तू मान वर न करता म्हणालीस, "होय, मीच. तुले नाल्यापार जाचं हाये का? बस पाठीवर, सोडून देतो." सगळे हसले. तूच हसली नाहीस. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. करिश्माने फोनवर ते सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर दसरूभाऊ काठी घेऊन बसले होते. पाय सरळ होत नाही त्यांचा. मला म्हणाले, "काय म्हन्ता नाहीदबाई, लय दिसानं! चहा घ्या." मी घेतला. त्यांनी एक वाकडा शब्द बोलायला हवा होता.

मग तू बाहेर आलीस.

"काऊन आली?"

"सांगाले आली. कंपनी पूल बांधून देतो म्हन्ते."

"कवा?"

"संमती झाल्यावर."

"म्हंजे आधी हात वर करा, मंग पूल."

"पन पूल तर होईल ना, मंगली."

"तू आधी खोटं बोलली, आता ते खरं कराले निघाली. तेबी आमचंच रान घेऊन." तू पदराने हात पुसलेस. "आन तुमचा गॅस पूल हाये म्हन्ते ना? पूल वलांडाले असते. तो पाइप किती वर्सं राह्यते जमिनीत?"

"तीस. चाळीसबी राहू शकते."

"चाळीस वर्सं पुलावर मुक्काम करते का व कोनी?"

मला राग आला. तुझा नाही, माझाच. म्हणून मी अब्बांना मध्ये आणलं. म्हटलं, "तं मंग काय कोळसाच जाळत राहाचा? अब्बा जिना चढू शकत नाई आता." तेव्हा पहिल्यांदा तू माझ्याकडे नीट बघितलंस.

"अब्बाले काय झालं?"

मी सांगितलं. तू बाकाच्या कडेला टेकलीस. मग म्हणालीस, "हे तू फेब्रुवारीत काऊन नाई सांगतलं? मीच सांगतलं असतं गावाले, का शहरातल्या मानसायची छाती भरून राह्यली, पाइप जाऊ द्या. गावानं ऐकलं असतं. नसतं ऐकलं तं नाई म्हटलं असतं. आमी काही गोटे नाई होत." आणि मग, "मले ग्रामसभेच्या समितीतून कोनी काढलं नाई. काढलं असतं तं बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आता मी बोलाले उभी राह्यली का मानसं पानी प्याले उठते."

मी म्हटलं, "मीच येतो गावात. मीच सांगतो सगळ्यायले."

"मराठीत सांगशील. पोचू आजाले धकते मराठी, बाकीच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यायले कोन सांगन? मले पुन्हा तुहं तोंड नाई बनाचं, नाहीद."

तू आत गेलीस. जाताना एक गोष्ट हळू आवाजात म्हणालीस. ती मी इथे लिहीत नाही. केंद्रावरचं पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं.

परतीच्या बसमध्ये मी तुझा एकच प्रश्न घोळवत होते. रागाचा नव्हे. "अब्बाले काय झालं?" हे विचारताना तुझा आवाज आठवीतल्यासारखा झाला होता. खऱ्याने काम होण्यासारखं होतं, आणि मी ते करून बघितलंच नाही. मला वाटलं होतं, तुम्हा लोकांना सोपं करून सांगावं लागतं. "तुम्हा लोकांना" हे लिहिताना हात अडला, पण मनात तसंच होतं. खोडत नाही.

नाहीद


चंद्रपूर, २३ सप्टेंबर २०२५

मंगली,

पाइपच्या मार्गाचे नकाशे आले. तुमच्या नाल्याशी पाइप खाली उतरतो. यंत्राने तळाखालून भोक पाडून एका काठावरून दुसऱ्या काठाला काढणार. पावसाळ्यातही अडणार नाही.

मी विचारलं, "और गांव का पुल, सर?"

"अगले साल देखेंगे. इस बार के फंड में नहीं बैठ रहा." मग मला समजावत म्हणाले, "गैस को पुल थोड़े ही लगता है, मैडम."

ते दुष्टपणाने नाही म्हणाले. त्यांना ते फक्त खरं वाटलं, आणि ते खरंच आहे.

मी तुला पूल येईल म्हणून सांगून आले होते. येणार नाही.

नाहीद


चंद्रपूर, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मंगली,

हे पत्र पाकिटात घालून चिकटवून देणार आहे. वर तुझं एकटीचं नाव आहे. तरी कोणी फोडलं तर फोडो.

केंद्रात परत जाताना तू म्हणाली होतीस, "मी तुले इचारलं होतं, हे गावाले नाई सांगतलं मी. तूबी नको सांगू."

तू विचारलं होतंस. मी तीन पत्रं लिहिली आणि चौथं एक चिटोरं, आणि प्रत्येकात त्या जागेला वळसा घातला. आता लिहिते. "गॅस म्हणजे पूल" असं मी म्हटलं, आणि लोकांकडे वळण्याआधी तू माझ्या कानाशी आलीस. म्हणालीस, "पूल म्हंजे, आपल्या नाल्यावरचा का?" मांडवातलं हसू नुकतंच थांबलं होतं. लोक वाट बघत होते. कुलदीप सर घड्याळ बघत होते. आणि मी मान हलवली.

"हो" म्हटलं नाही. इतके महिने मी त्यावर तगून होते, की तोंडातून "हो" गेलेलं नाही, म्हणजे मी खोटं बोललेली नाही. पण तू माझ्या मानेचंही भाषांतर केलंस. करणारच. तुला माझं बोललेलं समजतं आणि न बोललेलंही समजतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तू हे गावाला का सांगितलं नाहीस याचा मी खूप विचार केला. आधी वाटलं, मला वाचवायला. तसं समजणं मला सोयीचं होतं. मग कळलं की तसं नाही. गाव विचारेल, शंका होती तर कानात काऊन? मोठ्यानं काऊन नाही विचारलं? आणि त्याला एकच उत्तर आहे, की तू गावासमोर मला उघडं पाडायला तयार नव्हतीस. तुझ्या गावापेक्षा तू माझ्यावर जास्त भरवसा ठेवलास. हे तुला त्यांच्यासमोर कबूल करायचं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही केलं नसतं. पूलवाली म्हणवून घेतलं असतं.

सोळा तारखेला ग्रामसभा आहे. मी तिथे काय बोलायचं ते लिहून बघते आहे. तुझा प्रश्न वगळून लिहिलं की फार गुळगुळीत होतं. "शब्दाची गफलत झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." कंपनीचा कागद वाटतो. गफलत म्हटलं की ती कोणाचीच नसते. पोचू आजा "असू दे बाई" म्हणतील, मला चहा मिळेल, आणि तू होतीस तिथेच राहशील. गावाच्या लेखी एक तर तुला मराठी कळत नाही, नाहीतर तू कंपनीला सामील होतीस. तुझ्या प्रश्नाशिवाय तिसरं काही उरत नाही. त्या अख्ख्या मांडवात विचारणारी तू एकटी होतीस. ते सांगितल्याशिवाय माझं काहीच सांगून होत नाही.

मी राजीनामा दिलेला नाही. देऊन मग आले असते तर मला बरं वाटलं असतं, पण मग लोक म्हणाले असते, नोकरी गेली म्हणून बोलते. कंपनीची माणूस म्हणूनच उभी राहणार आहे. सोळा तारखेनंतर राजीनाम्याची गरज पडणार नाही. सैफला सांगितलं. तो म्हणाला, "चल, अब तू और अब्बा, दोनों घर बैठेंगे." मग आत जाऊन अब्बांची शेकायची पिशवी गरम करून आणली आणि त्यांच्या पाठीला लावत बसला.

आणखी एक ओझं आहे, तेही तुला सांगते, कारण दुसरं कोणाला सांगू. तुम्ही नाही म्हटलंत तर मार्ग बदलेल किंवा काम रखडेल, आणि त्या कारखान्याच्या भट्टीत आणखी काही वर्षं कोळसाच जळेल. त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत जाईल. कोळसा जायला हवा असं मला अजून वाटतं. गॅस हा त्याचा रस्ता आहे की जाणं पुढे ढकलायची युक्ती, हे मला आता ठामपणे सांगता येत नाही. गावासमोर मी तेही सांगणार आहे, येतं तेवढं आणि येत नाही तेवढं. गळतीचं सांगेन. चाळीस वर्षांचं सांगेन. पाइपच्या पट्ट्यावर पुन्हा झाड लावता येत नाही, हे मी फेब्रुवारीत एका ओळीत उरकलं होतं. ते नीट सांगेन. अब्बांचं सांगू की नको, तू सांग. ते सांगितलं तर पुन्हा मन वळवल्यासारखं होईल, न सांगितलं तर पुन्हा लपवल्यासारखं. मग गाव काय म्हणायचं ते म्हणेल.

कंपनीने या वेळी गडचिरोलीहून गोंडी बोलणारा एक मुलगा ठरवला आहे. मी त्याला विचारलं, "माझं बोलनं जसंच्या तसं सांगशील का रे?" तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. थोडं गोड करून सांगतो." माणूस चांगला आहे. मीही चांगलीच होते.

म्हणून आता मागते. तू धानोऱ्याला स्पष्ट नाही म्हटलं आहेस, आणि त्यानंतर हे मागणं म्हणजे तुझं म्हणणं मी ऐकलंच नाही असं होईल. शिवाय जे तू लपवून ठेवलंस ते तुझ्याच तोंडाने बोलायला लावते आहे. ते ऐकून गाव तुला माफ करेल, की "आमच्यापक्षा ते मोठी झाली का तुले?" म्हणून आणखी दूर करेल, मला माहीत नाही. भरवसा द्यावा असं माझ्याकडे काही नाही. तू नाही म्हणशील. कदाचित काहीच म्हणणार नाहीस, आणि मी त्या मुलाशेजारी उभी राहीन आणि तो गोड करून सांगेल.

तरी सोळा तारखेला तू माझ्या शेजारी उभी राहा. मी जे बोलेन ते गोंडीत तू सांग, काही मऊ करू नकोस. आणि तू माझ्या कानात विचारलं होतंस ते या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचार, म्हणजे मला तोंड उघडून उत्तर द्यावं लागेल.

नाहीद